क्ष-किरणांची नवी दृष्टी

प्रस्तावना

हात किंवा पाय मोडला असता डॉक्टर क्ष-किरण छायाचित्र काढावयास सांगतात. त्या काळ्या फिल्मवर हाडे पांढरी व ठसठशीत उमटलेली असतात; त्यांभोवतीचे मांस मात्र धुक्यासारखे अंधूक दिसते. असे छायाचित्र तुम्हीही कधीतरी पाहिले असेल. वास्तविक हृदय, फुप्फुसे, मेंदू, मूत्रपिंडे हे ज्यांवर माणसाचे प्राण अवलंबून असतात ते सारे अवयव मृदू ऊतींचेच बनलेले आहेत. हाडे स्पष्ट दाखवणारा किरण त्यांच्यापुढे दुबळा का ठरतो आणि शास्त्रज्ञांनी त्यावर कोणता मार्ग शोधला, हे या पाठात वाचावयाचे आहे.

छायेचे शास्त्र

जर्मनीतील वुर्ट्‌झबुर्ग येथे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्हिल्हेल्म रंटगेन यांना या अज्ञात किरणांचा शोध लागला. त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. त्यात बोटांची हाडे व अंगठी स्पष्ट उमटली होती. १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक रंटगेन यांना मिळाले.

हे छायाचित्र म्हणजे खरोखर एक सावलीच होय. हाडांतील कॅल्शियम क्ष-किरण मोठ्या प्रमाणात शोषून घेते. मृदू ऊती मात्र हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन अशा हलक्या मूलद्रव्यांच्या बनलेल्या असल्यामुळे किरण त्यांतून जवळजवळ सहज पार होतात. किरण अडला नाही, तर सावली कशी पडणार? म्हणूनच आतड्यांच्या तपासणीपूर्वी रुग्णाला बेरियमयुक्त द्रव पाजतात आणि रक्तवाहिन्या पाहण्यासाठी त्यांत आयोडीनयुक्त द्रव सोडतात.

१९७१ साली लंडनमध्ये गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन घेतले गेले. अनेक दिशांनी घेतलेल्या मापांवरून संगणक शरीराच्या आतील छेदांची चित्रे तयार करू लागला. वैद्यकात ही मोठीच क्रांती होती. तथापि तिचा आधारही किरणांच्या शोषणाचाच होता. अतिसूक्ष्म केशवाहिन्या पाहावयाच्या तर अवयवाचा पातळ काप काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवणे भाग पडे. तेथे बारकावा दिसे, पण अखंड अवयव हरवे. अवयव पूर्ण पाहावा तर बारकावा हरवे, अशी ही अडचण होती.

वळणारा किरण

उन्हात ठेवलेल्या स्वच्छ पाण्याच्या हौदाकडे पाहा. पाणी पारदर्शक असते. ते प्रकाश फारसा अडवीत नाही. तरीही वाऱ्याने तरंग उठले की हौदाच्या तळाशी उजळ रेषांची जाळी नाचू लागते. पाण्याच्या पृष्ठावरील उंचसखलपणामुळे प्रकाश किंचित वळतो, काही ठिकाणी एकवटतो व काही ठिकाणी विरळ होतो. न दिसणाऱ्या पाण्याचा आकार असा तळावर उमटतो.

क्ष-किरणांचेही असेच घडते. क्ष-किरण हे तरंगच असल्यामुळे मृदू ऊतींतून जाताना ते फारसे शोषले गेले नाहीत, तरी त्यांच्या चढउतारांची लय किंचित मागेपुढे होते. तरंगाच्या चढउतारातील या स्थितीला 'कला' असे म्हणतात. दोन ऊतींच्या सीमेवर कला बदलते आणि किरण अत्यंत अल्प कोनातून वळतो. शोधक पडदा वस्तूपासून दूर ठेवला, तर हे वळण त्यावर उजळ व काळ्या कडांच्या रूपाने उमटते. शोषणाने न दिसणारे भेद असे प्रकट होतात. या पद्धतीस कला-विपर्यास प्रतिमांकन म्हणतात.

मात्र त्यासाठी अतिशय तेजस्वी व शिस्तबद्ध किरण लागतात. फ्रान्समधील ग्रनोबल येथे ८४४ मीटर परिघाच्या वर्तुळाकार यंत्रात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरवून असे किरण मिळवले जातात. अशा यंत्राला सिंक्रोट्रॉन म्हणतात. भारतातही इंदूर येथे 'इंडस-२' हे सिंक्रोट्रॉन आहे.

महासाथीतील उपयोग

२०२० साली कोविड-१९ च्या साथीने जगाला ग्रासले. रुग्णांची फुप्फुसे आतून नेमकी कशी बिघडतात, हा जीवनमरणाचा प्रश्न होता. त्याच वर्षी ग्रनोबलचे यंत्र नव्या, अधिक तेजस्वी स्वरूपात सुरू झाले. तेथील शास्त्रज्ञांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधक व जर्मन डॉक्टर यांच्या साहाय्याने मृत व्यक्तींचे अखंड अवयव तपासले. हे अवयव अल्कोहोलमध्ये मुरवून, हलू नयेत म्हणून अगरच्या जेलीत बसवले जात. प्रथम संपूर्ण अवयवाची प्रतिमा सुमारे २५ मायक्रोमीटर बारकाव्याने घेतली जाई. मग तो न कापता हव्या त्या भागाचे चित्र सुमारे १.३ मायक्रोमीटरपर्यंत सूक्ष्म करता येई. तांबड्या रक्तपेशीचा व्यासही ७ ते ८ मायक्रोमीटर असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या बारकाव्याची कल्पना येईल.

२०२१ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. रक्ताला प्राणवायू मिळवून देणाऱ्या केशवाहिन्या व खुद्द फुप्फुसाच्या ऊतींचे पोषण करणाऱ्या वाहिन्या यांच्यामध्ये गंभीर आजारात भलतेच जोडमार्ग निर्माण होतात, हे त्यातून दिसून आले.

मर्यादा आणि ऋण

ही तपासणी जिवंत माणसावर करता येत नाही, कारण तिच्यातील किरणांची मात्रा फार मोठी असते. कमी मात्रेने रुग्णांची तपासणी करण्याचे प्रयत्नही झाले आहेत. इटलीतील त्रिएस्ते येथे २००६ पासून काही स्त्रियांच्या स्तनांची तपासणी कला-विपर्यास पद्धतीने करण्यात आली. परंतु प्रत्येक गावातील दवाखान्यात असे प्रचंड यंत्र बसवणे शक्य नाही. म्हणून लहान यंत्रांचा शोध चालू आहे.

तोवर हे ज्ञान मुख्यतः मृतांच्या अवयवांवरून मिळत राहील. ज्यांनी मृत्यूनंतर आपला देह अभ्यासासाठी दिला, त्यांच्यामुळे ही चित्रे मिळाली. त्यांचा उपयोग त्यांना स्वतःला झाला नाही. तो पुढील रुग्णांना होणार आहे.

पाठावरील प्रश्न

१. क्ष-किरण छायाचित्रात हाडे स्पष्ट व मृदू ऊती अंधूक का दिसतात?
२. हौदातील पाण्याच्या उदाहरणावरून कला-विपर्यास प्रतिमांकन स्पष्ट करा.
३. सूक्ष्मदर्शकाखालील काप व अखंड अवयवाची प्रतिमा यांतील फरक सांगा.
४. 'देहदान हे ज्ञानदानही आहे' या विधानावर तुमचे मत आठ ते दहा ओळींत लिहा.