खरखरीचा माग

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला काजळीची खाडी. नारळाला ही हवा मानवते. १९५५ पासून इथे नारळ संशोधन केंद्र आहे. कॉम्प्युटरला मात्र हीच खारी, दमट हवा सोसत नाही. नमन-जाखडी या लोककलांच्या जुन्या कॅसेटी मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतो, त्यामुळे साउंड कार्डच्या खरखरीशी रोजचीच गाठ. त्यातून शिकलेलं हे.

१. आधी कान द्या, मग हात घाला. एकसुरी, जाड घरघर विजेची असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून ती ५० किंवा १०० हर्ट्‌झवर ऐकू येते. माऊस हलवला की चरचर होत असेल, तर दोष कॉम्प्युटरच्या आत. पिन हलवल्यावर खरखर झाली, तर जॅकचा संपर्क ढिला. मध्येच टकटक होत असेल, तर बहुधा सॉफ्टवेअर. आवाजाची जात कळली की निम्मं काम होतं.

२. खरखर कुठे शिरते ते ठरवा. रेकॉर्ड केलेली फाईल मोबाइलवर ऐका. ती स्वच्छ असेल, तर साउंड कार्डची आत येणारी बाजू ठीक. दोष स्पीकरकडच्या बाजूला. फाईलमध्येच खरखर असेल, तर कॅसेट थांबवून नुसतंच रेकॉर्डिंग करून पाहा. तरीही ती आली, तर टेपची पट्टी निर्दोष आहे.

३. अर्थिंग पाहिल्याशिवाय नवं कार्ड घेऊ नका. आपली जमीन जांभ्याची. मे महिन्यात ती ठणठणीत कोरडी पडते आणि अर्थिंग कमजोर होतं. वायरमनकडून ते मोजून घ्या, खड्ड्यात पाणी घाला. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. घरघर थांबली, तर ती चार्जरच्या वाटेने येतेय. तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन मात्र कधीही काढू नका. घरघर कदाचित थांबेल, पण तो जिवाशी खेळ आहे.

४. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर लावा. कॉम्प्युटर एका भिंतीवर आणि अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या भिंतीवर असला, की दोन्हीकडच्या अर्थिंगमधल्या फरकामुळे ऑडिओ वायरीतून नको तो प्रवाह वाहतो. हाच ग्राउंड लूप. एवढ्याने भागलं नाही, तर मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. लाईट गेल्यावरच घरघर वाढत असेल, तर इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे का ते बघा.

५. जॅकमध्ये बॅटरी मारून बघा. खाऱ्या हवेत आतल्या चकचकीत पत्तीवर मळकट, हिरवट ठिपके धरतात. वीज पूर्ण बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोल अगदी थोडं पिनेला लावा, पिन जॅकमध्ये हळूच फिरवा, पुसा, पुन्हा फिरवा. नीट वाळल्यावरच कॉम्प्युटर चालू करा. पॉलिश पेपर वापरू नका; वरचा मुलामा गेला की गंज आणखी लवकर चढतो.

६. पुढच्या जॅकपेक्षा मागचा बरा. पुढच्या जॅकची वायर कॅबिनेटच्या पोटातून, पंख्याशेजारून जाते आणि वाटेतली चरचर गोळा करते. मागच्या जॅकनेही फरक पडला नाही, तर साधं यूएसबी साउंड कार्ड घ्या आणि छोट्या वायरीने कॅबिनेटपासून दूर ठेवा.

७. टकटकीला स्क्रूड्रायव्हर लागत नाही. सॅम्पल रेट विंडोजमध्ये ४४,१०० आणि रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ४८,००० असं असेल, तर दोन्ही आकडे सारखे करा. बफर वाढवा, ड्रायव्हर नवा घाला. माइक बूस्ट शून्यावर आणा आणि न वापरलेले इनपुट म्यूट करा.

८. पावसाळ्यात यंत्र झाकून विसरू नका. अधूनमधून चालू ठेवा; आतल्या उबेने दमटपणा कमी होतो. बंद केल्या केल्या प्लास्टिकचं कव्हर घालू नका.

९. फिल्टर सगळ्यात शेवटी. सॉफ्टवेअरने खरखर पुसायला गेलं की झांजेची किणकिण आणि गाणाऱ्याचा श्वासही पुसला जातो. म्हणून आधी यंत्र स्वच्छ करा, मग कॅसेट लावा. जुनी पट्टी किती वेळा वाजेल याचा भरवसा नसतो. पहिलं रेकॉर्डिंग हात न लावता जपून ठेवा आणि जी काही साफसफाई करायची ती त्याच्या प्रतीवर करा.