झाकल्या मुठीतली खोली

माझी आई तुळशीबागेत पहिल्याच दुकानात कधी खरेदी करत नाही. वस्तू हातात घेते, उलटीपालटी करते, शिवण ओढून बघते, भाव विचारते, त्याच्या निम्मा सांगते आणि चालायला लागते. चार पावलं. पाचव्या पावलाला मागून हाक येतेच, "अहो ताई, या इकडे!" भाव करणं म्हणजे खरं तर ही चार पावलंच, बाकी सगळी बडबड. हे मला अमेरिकेत येऊन, इतकी वर्षं नोकरी करून, क्रेडिट कार्डावर २७६ डॉलर आणि वर कर भरल्यानंतर कळलं.

त्या काळात आम्ही न्यू जर्सीतले देशी लोक हॉटेलच्या खोलीसाठी बोली लावण्यात मुरलेलो होतो. ही कल्पना प्राइसलाइनने १९९८ साली बाजारात आणली. गिऱ्हाइकाने आधी भाव सांगायचा आणि विकणाऱ्याने हो की नाही ते ठरवायचं, या पद्धतीचं त्यांनी चक्क पेटंट घेतलं होतं. टीव्हीवर 'स्टार ट्रेक'मधले कॅप्टन कर्क, म्हणजे विल्यम शॅटनर, त्याची जाहिरात करायचे. प्रकार असा : शहर निवडायचं, शहराचा विभाग निवडायचा, किती स्टार हवेत ते सांगायचं, आपला आकडा टाकायचा आणि क्रेडिट कार्डाचा नंबर आधीच देऊन ठेवायचा. बोली मान्य झाली की त्याच क्षणी पैसे कापले जाणार, आणि मग हॉटेलचं नाव दिसणार. रद्द करणं नाही, बदलणं नाही, परतावा नाही.

हॉटेलवाल्याला यात काय मिळतं, तर आजची रिकामी खोली उद्या विकता येत नाही. संध्याकाळी मंडईत उरलेल्या मेथीच्या जुड्यांचं जे होतं, तेच मध्यरात्री रिकाम्या खोलीचं. फरक इतकाच की मंडईतली मावशी "दहाला दोन" म्हणून ओरडू शकते. चार ताऱ्यांच्या हॉटेलने तसं ओरडलं तर पूर्ण भाडं भरून आलेला माणूस रिसेप्शनवर येऊन भांडेल. म्हणून नाव झाकायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. इथे ती सव्वाशेची पाऊणशेला मिळते, एवढंच.

माझी पहिली बोली शिकागोची होती. फेब्रुवारी महिना, ऑफिसचं काम, मी एकटी. ५५ डॉलरला मिशिगन अ‍ॅव्हेन्यूपासून दोन मिनिटांवरची चार ताऱ्यांची खोली मिळाली. खिडकीतून गोठलेलं तळं दिसत होतं. त्या रात्री मी तीन जणांना फोन करून ५५ हा आकडा ऐकवला. फेब्रुवारीत शिकागोला सहलीला कोण जातं, हा विचार काही मनात आला नाही. मला वाटलं, ही माझी हुशारी.

पुढे दोन वर्षं ही हुशारी बऱ्यापैकी चालली. मग २०१० च्या जुलैमध्ये आई-बाबा आले.

सॅन फ्रान्सिस्को दाखवायचं होतं. मी, नवरा, आई, बाबा, तीन रात्री. मी ठरवलं, दोन बेडची एक खोली घ्यायची. जावयासमोर एका खोलीत झोपायचं म्हणून आई जरा अवघडली, पण म्हणाली, "तीन रात्रींचा तर प्रश्न आहे." ती तयार झाली म्हटल्यावर मला वाटलं, झालंच काम.

शहराच्या मध्यातलं युनियन स्क्वेअर, चार स्टार, ७५ डॉलर. नामंजूर. आता नियम असा होता की तीच मागणी पुन्हा करायची तर एक दिवस थांबायचं. लगेच बोली लावायची तर काहीतरी बदलावं लागायचं : तारखा, स्टार किंवा विभाग. मुरलेले लोक यावर एक युक्ती करायचे. ज्या विभागात चार स्टारचं एकही हॉटेल नाही, तो विभाग यादीत वाढवायचा. बदल केला म्हणून साइट नवी बोली घेणार, पण खोली मिळणार ती आपल्याला हव्या त्याच भागात, कारण वाढवलेल्या विभागात मुळात मिळण्यासारखं काही नाहीच. कुठल्या विभागात काय आहे आणि काय नाही, याची यादी मी एका वहीत उतरवून ठेवली होती. विमानतळाच्या विभागापुढे मी लिहिलं होतं : ४ स्टार नाहीत. ती नोंद वर्षापूर्वीची होती.

विमानतळाच्या विभागावर टिचकी मारली, ९२ डॉलर टाकले. एक मिनिटही गेलं नसेल, 'अभिनंदन' आलं. खाली हॉटेलचं नाव, त्याखाली पत्ता : बर्लिंगेम. युनियन स्क्वेअरपासून वीसेक किलोमीटर दक्षिणेला, विमानतळाच्या शेजारी, खाडीच्या काठावर. वर्षभरात त्या विभागात चार ताऱ्यांचं हॉटेल आलं होतं, आणि ते मला मिळालं होतं. साइटने काही फसवलं नव्हतं. मीच मागितलं होतं, त्यांनी दिलं.

नवऱ्याला सांगताना मी "विमानतळाजवळ सोयीचं पडेल" असं सांगितलं.

पोचलो तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. आमच्या अंगातल्या घड्याळात दीड. आईचा गुडघा विमानात बसून आखडलेला, जुलै असून बोचरा वारा, बाबांच्या हातात चकलीचा डबा. रिसेप्शनवरचा मुलगा अगदी नम्र होता. त्याने बराच वेळ खाडखाड टाइप केलं आणि म्हणाला, एक किंग बेड. मी म्हटलं, आम्हाला दोन बेड हवेत, चौघं आहोत. तो म्हणाला, मॅडम, तुमचं आरक्षण दोन मोठ्या माणसांचं आहे, बेड कुठला ते आमच्याकडच्या शिल्लक खोल्यांवर असतं आणि दोन बेडच्या सगळ्या खोल्या संध्याकाळीच गेल्या. मी घरी छापून आणलेला कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने बोटाने खालची बारीक ओळ दाखवली. तिथे अगदी हेच लिहिलेलं होतं.

वीस डॉलर रात्रीला एक घडीची खाट मिळेल, असं तो म्हणाला. बाबांनी वीस गुणिले तीन गुणिले सत्तेचाळीस असा हिशेब जागच्या जागी केला आणि खाट नको म्हणाले. चौथ्या माणसाकडे त्या मुलाने पाहिलंच नाही, हे त्याचे उपकार.

आई आणि मी पलंगावर. जावई आणि सासरे कार्पेटवर, कपाटातल्या जादा ब्लँकेटची घडी घालून. दिवा मालवल्यावर आई हळूच म्हणाली, "अगं, वस्तू न बघता भाव कसला केलास?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून हॉटेलची गाडी विमानतळापर्यंत, तिथून बार्ट ही लोकल ट्रेन, आणि विमानतळाच्या स्टेशनवरून बसलं की तिकिटावर वेगळा अधिभार, चौघांचा. एका रात्री आईच्याने जिने उतरवेनात, तेव्हा शहरातून टॅक्सी केली : पन्नासेक डॉलर. युनियन स्क्वेअरचा छापील भाव भरला असता तरी चाललं असतं, हे मी तिसऱ्या दिवशी कागदावर मांडून पाहिलं आणि कागद फाडून टाकला.

बोलीचा तो प्रकार आता संपला. प्राइसलाइनने विमानाच्या तिकिटांची बोली २०१६ मध्ये बंद केली, पुढे हॉटेलांचीही. पण नाव झाकून खोली विकणं जोरात चालू आहे. प्राइसलाइनवर एक्सप्रेस डील्स आहेत, हॉटवायर २००० सालापासून हेच करतं आहे. आकडा आता ते सांगतात, मूठ तशीच झाकलेली. मुलांकडे अमेरिकेत येणारे आई-बाबा, त्यांना फिरवणारी मुलं, यांच्यासाठी लिहिते आहे.

सगळ्यात आधी माणसं मोजा. नाव झाकलेल्या खोलीत साधारणपणे दोनच मोठ्या माणसांची हमी असते. आपण देशी लोक "अडजस्ट करू" म्हणतो. ते आपल्या घरी. तिसरं माणूस असेल तर नाव दिसणारी, बेडचा प्रकार लिहून देणारी खोली घ्या, महाग पडली तरी. ज्येष्ठ माणसं बरोबर असतील तर झाकली खोली घेऊच नका, हे मी आता पथ्यासारखं पाळते. एकटं असाल, सामान पाठीवर असेल, कुठेही पडायची तयारी असेल, तर जरूर घ्या. सवलत मिळते ती आपण ज्या ज्या गोष्टींवर पाणी सोडतो त्यांची किंमत म्हणून. ज्याला कशावरच पाणी सोडता येत नाही त्याने तिथे जाऊ नये.

विभागाचा नकाशा उघडून त्याची हद्द बघा. साइटचा 'विमानतळ' किंवा 'डाउनटाउन' ही त्यांनी त्यांच्या सोयीने आखलेली रेघ असते. त्या रेघेच्या सगळ्यात वाईट कोपऱ्यावर बोट ठेवा आणि स्वतःला विचारा, इथे मिळालं तर चालेल का? नाही, असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. ताऱ्यांचंही तसंच. ते त्या साइटचे तारे असतात. दुसरी साइट त्याच हॉटेलला अर्धा तारा कमी देते.

मग पैशाचं. सॅन फ्रान्सिस्कोत हॉटेलवर १४ टक्के कर आहे, न्यूयॉर्कमध्ये १४.७५ टक्के आणि वर दर रात्रीचे साडेतीन डॉलर. आमच्या वेळी हे सगळं 'कर आणि शुल्क' अशा एका ओळीत कोंबलेलं असायचं आणि बोलीच्या आकड्यात धरलेलं नसायचं. लास वेगाससारख्या ठिकाणी रिसॉर्ट फी काउंटरवर वेगळी. १२ मे २०२५ पासून अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनचा नियम लागू झाला आहे, सक्तीचं शुल्क धरून एकूण भाव आधीच दाखवायचा. बरं झालं. पण पार्किंग त्यात येत नाही. मोठ्या शहराच्या मध्यात ते एका रात्रीला खोलीच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतं, तेव्हा भाड्याची गाडी घेण्याआधी हॉटेलांच्या पार्किंगचे भाव बघा.

भारतातून येणाऱ्यांसाठी आणखी एक. खोलीचे पैसे भरलेले असले तरी रिसेप्शनवर किरकोळ खर्चासाठी डिपॉझिट म्हणून कार्ड मागतात. तिथे फोरेक्स किंवा डेबिट कार्ड दिलंत की तेवढी रक्कम अडकते आणि सुटायला काही दिवस जातात. क्रेडिट कार्ड द्या.

आणि एकदा घेतलीच खोली, तर हॉटेलला आदल्या दिवशी फोन करा. साइटला केलेल्या फोनचा फारसा उपयोग होत नाही, खोली कुणाला कुठली ते हॉटेलमध्ये ठरतं. दोन बेड हवेत, वरचा मजला नको, जे असेल ते गोडीत सांगा. बांधील नसतात, पण शिल्लक असेल तर बहुतेक जण देतात. आणि दुपारी पोचा. रात्री साडेदहाला उरतं ते कुणालाच नको असलेलं.

बोलीच्या काळातली एक गोष्ट मला फार उशिरा कळली, ती सांगते. हॉटेल आपला खालचा भाव साइटला कळवून ठेवायचं. आपला आकडा त्याच्या वर पडला की सौदा पक्का आणि मधला फरक साइटचा. खोली ७० ला सुटत असेल आणि मी ९२ म्हटलं, तर ९२ च कापले जाणार. "ताई, सत्तर बास" म्हणणारं तिथे कोणी नव्हतं. मी ज्याला घासाघीस समजत होते, त्यात समोर माणूसच नव्हता, आणि निघून जायची चार पावलंही नव्हती. आईला हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग त्याला भाव करणं का म्हणता?"

बाबांची मात्र काही तक्रार नव्हती. आमच्या खिडकीसमोर खाडी होती आणि पलीकडे सॅन फ्रान्सिस्कोच्या जोड धावपट्ट्या. त्या इतक्या जवळजवळ आहेत की दोन विमानं पाण्यावरून शेजारीशेजारी उतरताना दिसतात, शर्यत लागल्यासारखी. आईची आंघोळ होईपर्यंत बाबा रोज चहाचा कप घेऊन तिथे बसायचे. मागच्या दिवाळीत कपाट आवरताना त्यांची त्या प्रवासाची डायरी हाती लागली. सॅन फ्रान्सिस्कोच्या पानावर गोल्डन गेटबद्दल दोन ओळी आहेत, केबल कारबद्दल एक. मग लिहिलंय : तीन दिवसांत मोजलेली विमानं १६३, त्यांपैकी जोडीने उतरलेली ३८. आणि त्याखाली, जमाखर्चाच्या रकान्यात : खोलीचं भाडं, माहीत नाही. विचारलं की मुलगी चिडते.