स्मारक कोठे बांधावे?

मंडळी, तुमच्या गावाला तलाव असेल. नसेल तर शेजारच्या गावाला असेल. तलावाला पाळ असते. पाळीच्या बाजूला सांडवा असतो. पावसाळ्यात तलाव तुडुंब भरला, की जादा पाणी सांडव्यावरून निघून जाते. म्हणून पाळ टिकते, आणि पाळ टिकते म्हणून गाव टिकते.

सांडव्याच्या वाटेत कोणी गोठा बांधू लागला, तर गावची म्हातारी माणसे काय म्हणतील? "बापू, पाण्याची वाट अडवू नको. पाणी आपली वाट विसरत नसते."

आता समजा, तेथे गोठा बांधायचा नाही. एका थोर पुरुषाचे स्मारक बांधायचे आहे. मग काय म्हणावे? येथे भलेभले गप्प बसतात. आपण बोललो तर थोर पुरुषाचा अपमान होईल, असे त्यांना वाटते. या धड्यात आपण याच प्रश्नाचा विचार करू.

अंबाझरीची गोष्ट

नागपूरच्या पश्चिमेला अंबाझरी तलाव आहे. शहराला प्यायला पाणी मिळावे म्हणून दीडशे वर्षांपूर्वी त्याला मातीचे धरण बांधले. तलावाजवळ बाग आहे. लागूनच वनखात्याचे जैवविविधता उद्यान आहे. म्हणजे झाडे, गवत, पाखरे, किडे यांना जपण्यासाठी राखलेले रान. तलावाचे जादा पाणी नागनदीला मिळते. ही नदी शहराच्या मधून पूर्वेकडे वाहते.

या तलावाच्या सांडव्याजवळ स्वामी विवेकानंदांचे स्मारक उभारलेले आहे. लोक तेथे जातात, नमस्कार करतात, तलाव पाहतात.

२२ सप्टेंबर २०२३ ची रात्र होती. मध्यरात्रीनंतर पावसाने जोर धरला. चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त, म्हणजे चार इंचांवर पाऊस पडला. अंबाझरी भरून वाहू लागली. नदीत पाणी मावेना. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा वस्त्यांत पाणी शिरले. सीताबर्डीच्या दुकानांत शिरले. माणसे झोपेत होती. सैन्याच्या जवानांना बोलवावे लागले. नावांतून लोकांना बाहेर काढले. हजारो घरांतले धान्य, कपडे, मुलांची पुस्तके भिजून गेली. काही माणसे प्राणाला मुकली.

पुरानंतर काही नागरिक उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. त्यांचे म्हणणे असे, की स्मारक सांडव्याच्या समोर, पाण्याच्या वाटेत आहे. धरणाला इतके लागून बांधकाम करायला नको होते. पाऊस फार पडला, हे खरेच आहे. नदीचे पात्र बांधकामांनी अरुंद झाले होते, हेही खरे आहे. कोणत्या कारणाने किती पाणी चढले, हे सांगणे इंजिनियरांचे काम आहे. आपण एवढेच लक्षात घ्यावे, की जागेचा प्रश्न न्यायालयात उभा राहिला तो घरे बुडाल्यानंतर.

हा अपमान आहे काय?

ही गोष्ट आम्ही रात्रीच्या वर्गात सांगितली, तेव्हा एका बाईने विचारले, "गुरुजी, स्वामीजींच्या स्मारकाविरुद्ध कोर्टात जायचे म्हणजे पाप नाही का?"

प्रश्न चांगला होता. आम्ही तिला म्हटले, "बाई, आधी स्वामीजी कोण होते ते पाहू." विवेकानंदांचा जन्म १८६३ सालचा. माणसाची सेवा हीच देवाची पूजा, असे त्यांनी शिकवले. १८९७ साली त्यांनी रामकृष्ण मिशन काढले. दुष्काळ पडला, पूर आला, साथ आली, की मिशनचे लोक मदतीला धावतात. नागपुरात धंतोलीला रामकृष्ण मठ आहे. तेथे दवाखाना व ग्रंथालय चालते. आता तूच सांग, ज्याचे घर बुडाले त्याने "पाण्याला वाट द्या" असे म्हटले, तर स्वामीजी रागावतील काय?

बाई म्हणाली, "नाही रागावायचे. तेच आधी बोलले असते."

मंडळी, थोर पुरुषाला मान देणे ही एक गोष्ट. त्याच्या स्मारकासाठी जागा निवडणे ही दुसरी गोष्ट. पहिलीबद्दल आपले एकमत असते. दुसरीबद्दल बोलण्याचा आपल्याला हक्क आहे.

मोकळी जागा रिकामी नसते

स्मारकासाठी बाग किंवा तलावाचा काठ का निवडतात? कारण ती जागा मोकळी दिसते. कोणाचे घर उठवावे लागत नाही. पैसे देऊन जमीन घ्यावी लागत नाही. पण मोकळी दिसणारी जागा रिकामी नसते. ती काम करीत असते. झाडांची मुळे माती धरून ठेवतात. पावसाचे पाणी मातीत मुरते, मग विहिरीला झरे फुटतात. पाने सावली देतात, हवा थंड ठेवतात. त्या जागी सिमेंटचा ओटा केला, की पाणी मुरत नाही. ते वाहत सुटते आणि कोणाच्या तरी दारात जाते.

आधी बोलले तर काय होते?

औरंगाबाद शहरात (२०२३ पासून त्याचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे) सिडको भागात प्रियदर्शनी उद्यान आहे. ते सुमारे सतरा एकरांचे आहे. तेथे शिवसेनेचे संस्थापक बाळासाहेब ठाकरे यांचे स्मारक करण्याचे महापालिकेने ठरवले. बागेतली पुष्कळ झाडे तोडली जाणार, अशी बातमी पसरली. शहरातल्या लोकांनी विरोध केला. डिसेंबर २०१९ मध्ये हा विषय महाराष्ट्रभर गाजला. तेव्हा बाळासाहेबांचे चिरंजीव उद्धव ठाकरे हेच मुख्यमंत्री होते. स्मारकासाठी झाड तोडू नका, असे त्यांनी सांगितले.

पाहा, स्मारक नको असे कोणी ठरवले नाही. झाडे मात्र तोडू नयेत असे ठरले. लोक वेळेवर बोलले, म्हणून हे झाले. वडिलांच्या स्मारकाबद्दल बोलले म्हणून मुलाने अपमान मानला नाही.

आमची चूक

आता आमची स्वतःची एक चूक सांगतो. आम्ही मुख्याध्यापक होतो, तेव्हाची गोष्ट. गावाचे नाव सांगत नाही. त्या गावाबाहेर जुनी आमराई होती. एक दिवस चावडीच्या भिंतीवर ग्रामसभेची नोटीस लागली. आमराईच्या जागेवर स्मारकाचा चौथरा बांधावा, असा विषय तीत लिहिला होता. गावातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते. आम्हांला येत होते. शाळेत जाताना रोज आम्ही त्या भिंतीजवळून जात होतो. पण नोटीस नेहमीचीच असेल, असे समजून वाचली नाही. सभेला गेलो नाही. पंधरा दिवसांनी कुऱ्हाडीचे आवाज आले, तेव्हा धावलो. अकरा आंबे पडले होते. सरपंच म्हणाले, "गुरुजी, सभेत तुम्ही आला असता तर ऐकले असते." त्यांचे बरोबर होते.

चौथरा अजून आहे. उन्हाळ्यात तेथे कोणी बसत नाही. सावलीच नाही.

म्हणून आम्ही सांगतो, नुसते वाचता येणे पुरत नाही. वाचले पाहिजे.

काय करावे?

१. चावडीवरची, झाडावरची, वर्तमानपत्रातली नोटीस वाचा. शेजाऱ्यालाही वाचून दाखवा. शहरांसाठी १९७५ चा झाडे जतन करण्याचा कायदा आहे. त्यात झाड तोडण्याआधी लोकांना कळवावे, त्यांच्या हरकती ऐकाव्या, असे सांगितले आहे.

२. ग्रामसभेला जा. बायकांनीही जावे. आपले म्हणणे ठरावात लिहून घ्यायला सांगा.

३. हरकत लेखी द्या, आणि मुदतीच्या आत द्या. अर्जाची एक प्रत जवळ ठेवा. तिच्यावर शिक्का व तारीख घ्या. यालाच पोच म्हणतात.

४. माहिती हवी असेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याप्रमाणे अर्ज करा. फी दहा रुपये आहे. तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे.

५. "येथे नको" एवढेच म्हणू नका. "तेथे बांधा, आम्ही श्रमदान करू" असेही म्हणा. म्हणजे तुम्ही थोर पुरुषाच्या विरुद्ध नाही, हे सर्वांना कळेल.

६. दगड उचलू नका. शिवी देऊ नका. कागद व सही यांचे बळ मोठे आहे.

आणि हे लक्षात ठेवा. वने, तलाव, नद्या व वन्य प्राणी यांचे रक्षण करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे, असे भारताच्या राज्यघटनेत लिहिलेले आहे. हे कलम १९७६ साली घातले गेले. म्हणजे तलावासाठी बोलणारा माणूस भांडखोर नव्हे. तो आपले कर्तव्य करतो.

शब्दांचे अर्थ

सांडवा – तलावाचे जादा पाणी जाण्याची वाट.
हरकत – एखाद्या कामाला आपला विरोध आहे असे कळवणे.
मुदत – काम करण्यासाठी ठरवून दिलेले दिवस.
पोच – अर्ज मिळाल्याची खूण.

प्रश्न

१. मोकळी दिसणारी जागा कोणकोणती कामे करते?
२. औरंगाबादच्या लोकांनी काय वाचवले?
३. गुरुजींची चूक कोणती?
४. तुमच्या चावडीवर आज कोणती नोटीस लागली आहे? जाऊन वाचा आणि उद्या वर्गात सांगा.