निळा झाला, पण जाम झाला

आपल्या वर्कशॉपमध्ये व्हाइसच्या बाकावर, भिंतीला खिळ्यावर एक निळा तुकडा टांगलेला आहे. फर्स्ट इयरवाले येतात आणि विचारतात, "हे काय, शोपीस?" तर तो आमच्या रेसकारचा पुढच्या डाव्या चाकाचा स्टब ॲक्सल आहे, नटासकट. नट त्याच्यावरून कधीच निघाला नाही, म्हणून दोघांना एकत्रच कापावं लागलं. स्पर्धेला निघायला सहा दिवस होते तेव्हा. आज लिहायचंय ते त्या तुकड्याबद्दल, आणि टायटॅनियमचा पार्ट बनवला की त्याला वरून काय करायचं, म्हणजे 'सरफेस फिनिश' कोणतं द्यायचं, त्याबद्दल.

आधी थोडी पार्श्वभूमी. वजन कमी करायचं म्हणून आम्ही ग्रेड ५ चा रॉड आणला. ग्रेड ५ म्हणजे ६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम आणि बाकी जवळजवळ सगळं टायटॅनियम. घनता ४.४३, स्टीलची ७.८५. ताकद मात्र चांगल्या अलॉय स्टीलच्या पंक्तीला बसेल अशी. आमच्या खिशाच्या मानाने तो रॉड भयंकर महाग होता, आणि मेसच्या डिपॉझिटवर डोळा ठेवूनच आम्ही तो घेतला होता. टर्निंगलाही त्याने रडवलं. उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत हा धातू महाआळशी. साध्या स्टीलच्या सातवा हिस्सासुद्धा नाही. त्यामुळे सगळी उष्णता टूलच्या टोकाशी साठते. स्पीड कमी, कूलंट भरपूर, आणि धारदार टूल, असं करत करत एकदाचा पार्ट झाला.

या सगळ्यात फिनिशवर आमची चर्चा किती झाली? दोन मिनिटं. "ॲनोडायझिंग करू, निळं. कव्हर कडक होतं, घासत नाही, दिसतंही भारी." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

चूक इथेच झाली, आणि ती एका शब्दाची होती. ॲनोडायझिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ॲल्युमिनियमचं ॲनोडायझिंग येतं. त्यात ऑक्साइडचा थर चांगला ५ ते २५ मायक्रॉन जाड वाढतो, हार्ड ॲनोडायझिंगमध्ये त्याहूनही जास्त. तो सच्छिद्र असतो, त्यात रंग मुरवतात आणि वरून सील करतात. टायटॅनियमच्या रंगीत ॲनोडायझिंगमध्ये रंग घातलेलाच नसतो! वर जो पारदर्शक ऑक्साइडचा थर वाढतो, त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून रंग दिसतो. पावसात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवर दिसतात ना, अगदी तसंच. थर किती जाड होणार हे ठरतं व्होल्टेजवर, साधारण एका व्होल्टला दोन नॅनोमीटर धरा. आम्ही लॅबच्या डीसी सप्लायवर २८ व्होल्ट लावले होते. म्हणजे थर झाला पन्नास-पंचावन्न नॅनोमीटरचा. मायक्रॉनचा विसावा भाग! हे गणित आम्ही आधी केलं असतं तर ते ओल्या कागदावर बोटानेही करता आलं असतं.

हा प्रयोग हॉस्टेलवर कुणालाही करता येईल, आणि करून बघावाच. ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढे एक जोडा. प्लॅस्टिकच्या डब्यात पाणी आणि चमचाभर खाण्याचा सोडा. टायटॅनियमचा तुकडा धन टोकाला, स्टीलचा चमचा ऋण टोकाला, आणि दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ द्यायचा नाही. चमच्याभोवती बुडबुडे येतील (तो हायड्रोजन असतो, तेव्हा खिडकी उघडी आणि काडेपेटी लांब) आणि काही सेकंदांत तुकडा पिवळसर, मग जांभळा, मग निळा होत जाईल. एकाच बॅटरीवर फिकट पिवळटपणावरच थांबतो. व्होल्टेज पन्नास-साठच्या पुढे नेलं तर पुन्हा सोनेरी आणि शंभराच्या आसपास हिरवा मिळतो, पण तो उद्योग ओल्या हातांनी रूमवर करू नका. लाल भडक रंग कितीही व्होल्ट लावले तरी येत नाही. तुकड्यावर बोटाचा ठसा राहिला असेल तर तोही रंगासकट छापला जातो, म्हणून आधी स्वच्छ धुवायचं.

तर असा सुंदर निळा ॲक्सल आणि तसाच निळा नट. दोन्ही टायटॅनियमचे. आटे M20, पिच दीड. नट हाताने दोन फेरे छान गेला. तिसऱ्याला जड वाटला. कुणीतरी म्हणालं, "नवीन आहे, बसेल," आणि पाना लावला. अर्धा फेरा, मग 'कर्र' असा आवाज, आणि संपलं. पुढेही नाही, मागेही नाही. डब्ल्यूडी-४० मारलं, रात्रभर ठेवलं, पान्याला पाइप लावून दोघं लोंबकळलो. नट काही हलला नाही.

याला म्हणतात गॉलिंग. टायटॅनियम गंजत नाही ते त्याच्यावरच्या पातळ ऑक्साइडच्या कातड्यामुळे. पण आट्यांवर दाब देऊन घासलं की ते कातडं खरवडलं जातं, आतला उघडा धातू उघड्या धातूला भिडतो आणि दोघं एकमेकांना धरतात. मोरीतल्या दोन ओल्या साबणाच्या वड्या एकमेकींवर ठेवून दुसऱ्या दिवशी उचलून बघा, तसं. फरक इतकाच की इथे जोर लावल्याने प्रकरण सुटत नाही, आणखी घट्ट होतं. आणि आमचं ५० नॅनोमीटरचं निळं कातडं त्यात पहिल्याच फेऱ्यात गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या सरांकडे तो तुकडा घेऊन गेलो. ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. ड्रॉइंग मागितलं, टेबलावर पसरलं आणि लाल पेनने त्या एकाच ॲक्सलवर चार ठिकाणी गोल केले: आटे, बेअरिंग बसतं ती जागा, खांद्याजवळचा फिलेट, आणि बाहेरून दिसणारा भाग. म्हणाले, "या चारही जागांना वेगवेगळं काम आहे. तुम्ही सगळ्यांना एकच शर्ट घातलात."

मग तासभर आम्ही फक्त ऐकत होतो. त्यातलं महत्त्वाचं सांगतो.

आट्यांसाठी खरा उपाय दोन प्रकारचा. एक म्हणजे टायटॅनियमवर टायटॅनियम घासूच द्यायचं नाही. नट दुसऱ्या धातूचा करायचा आणि मोलिब्डेनम डायसल्फाइडची काळी पेस्ट लावायची. दुसरा म्हणजे खरोखर कामाचं कोटिंग. विमान उद्योगात आणि इम्प्लांटमध्ये 'टाइप २' नावाचं ॲनोडायझिंग वापरतात. ते करड्या रंगाचं दिसतं, शोभेचं नाही, पण गॉलिंग कमी करण्यासाठीच असतं. त्याहून कडक हवं तर पीव्हीडीने टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर देतात. तो दोन ते चार मायक्रॉनचा असतो आणि कडकपणा २००० व्हिकर्सच्या वर, तर खालचा धातू साडेतीनशेच्या आसपास. अर्थात मऊ जमिनीवर फरशी बसवल्यासारखं ते आहे. एका जागी जास्त दाब आला की खालची जमीन दबते आणि फरशी तडकते.

इथे सरांनी एक हिशोब घातला, तो व्हायवालाही उपयोगी आहे. ६० अंशांच्या आट्यांवर कोटिंग जितकं जाड, त्याच्या चौपट पिच डायमीटर वाढतो. M20, दीड पिचच्या बोल्टला 6g टॉलरन्समध्ये सुरुवातीची ढिलाई मिळते ३२ मायक्रॉन. चार मायक्रॉनचं कोटिंग केलंत तर १६ मायक्रॉन तिथेच गेले. नटालाही तेवढंच केलंत तर ३२, म्हणजे ढिलाई संपूर्ण साफ. तेव्हा आटे पाडायच्या आधी कोटिंग ठरलेलं असायला हवं. आम्ही ते शेवटी ठरवत होतो, वाढदिवसाच्या केकवर नाव लिहावं तसं.

बेअरिंगच्या जागेबद्दल थोडक्यात: तिथे बारीक हालचालीने घासणं होतं, म्हणून गुळगुळीत फिनिश आणि शक्य असेल तर कडक कोटिंग. टायटॅनियम घासायच्या कामाला बरं नाही, हे डॉक्टरांनीही शिकून घेतलेलं आहे. खुब्याच्या कृत्रिम सांध्यात हाडात बसणारा दांडा टायटॅनियमचा चालतो, आणि हाडाने त्याला धरावं म्हणून तो मुद्दाम खडबडीत ठेवतात. पण वर फिरणारा गोळा पूर्वी टायटॅनियमचा करून पाहिला तेव्हा तो झिजला आणि आजूबाजूचा भाग काळा पडला. आता गोळा कोबाल्ट-क्रोमचा किंवा सिरॅमिकचा असतो. एकाच वस्तूची दोन टोकं, दोन फिनिश.

फिलेट ही मला सगळ्यात धोक्याची जागा वाटते, कारण तिथली चूक दिसत नाही. नट अडकला तर निदान कळतं तरी. चाक फिरताना फिलेटवर दर फेऱ्याला वाकणारा भार येतो, आणि टायटॅनियमला ओरखडा अजिबात सोसत नाही. टर्निंगच्या खुणा गोल असतात, म्हणजे नेमक्या भाराला आडव्या. एका खुणेतून तडा सुरू होतो. म्हणून तिथे एमरीने पॉलिश करायचं ते ॲक्सलच्या लांबीच्या दिशेने. सोय असेल तर शॉट पीनिंग करायचं. बारीक गोळ्यांच्या माऱ्याने वरचा थर दाबला जातो आणि तड्याला उघडायला जागा मिळत नाही. ब्लास्टिंग करायचं तर काचेचे मणी किंवा ॲल्युमिना घ्यायचा. स्टीलच्या ग्रिटचे कण टायटॅनियममध्ये रुतून बसतात आणि मग 'न गंजणाऱ्या' पार्टवर गंजाचे ठिपके दिसतात.

आमच्यातल्या एकाने विचारलं, सायलेन्सरसारखा टॉर्चने तापवून निळा केला तर? शोभेच्या पार्टला करा, असं उत्तर मिळालं. हवेत साडेपाचशे-सहाशे अंशांच्या वर ठेवलं की ऑक्सिजन आत मुरतो आणि 'अल्फा केस' नावाचा ठिसूळ थर तयार होतो. तो काढायला हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्ल लागतं. हायड्रोफ्लोरिकचं नाव कुणीही हॉस्टेलवर काढू नये. ते कातडीतून आत शिरतं, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि आतल्या कॅल्शियमवर हल्ला करतं. जीवही जातो. ज्यांच्याकडे त्याची सोय आणि कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल आहे त्यांनीच ते काम करावं. टायटॅनियमचा भुसाही तसाच जपायचा. ग्राइंडिंगचा बारीक चुरा पेटला तर पाणी मारायचं नाही, कोरडी वाळू टाकायची.

धुण्याचंही एक शास्त्र आहे हे मला नवीन होतं. १९६० च्या दशकात लॉकहीडने टायटॅनियमची ए-१२ आणि एसआर-७१ विमानं बांधली, तेव्हा उन्हाळ्यात धुतलेले पार्ट लवकर खराब होऊ लागले. कारण निघालं नळाचं पाणी, त्यात उन्हाळ्यात जास्त क्लोरीन घालत. कॅडमियम चढवलेल्या पान्यांनी घट्ट केलेले बोल्टही तापल्यावर तुटत होते. शेवटी ते पाने टूलबॉक्समधून वेचून काढावे लागले.

उरलेल्या रॉडमधून एकच ॲक्सल निघत होता. यावेळी ड्रॉइंगवर चार जागांना चार नोंदी लिहिल्या. पीव्हीडीला ना पैसे होते ना दिवस, म्हणून बेअरिंगची जागा नुसती बारीक फिनिश केली. फिलेटवर मी स्वतः दोन तास एमरी चालवली, लांबीच्या दिशेने. आट्यांवर टेप गुंडाळून फक्त बाहेरच्या भागावर काचेच्या मण्यांचं ब्लास्टिंग केलं. नट स्टीलचा, काळ्या पेस्टसकट. पेस्टमुळे तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून टॉर्कचा आकडा खाली आणला. स्टीलचा छोटा नट मोठ्या टायटॅनियमशेजारी ओलाव्यात लवकर गंजतो, त्यामुळे पावसाळ्यात तो काढून, पुसून पुन्हा लावावा लागतो. जुलैपासून आतापर्यंत अकरा वेळा काढला. प्रत्येक वेळी हाताने फिरला.