पाणी कुठे जाते ते पाहा
शास्त्रपाठ : नहेम्या २:११–१८



यरुशलेमेत पोहोचल्यावर नहेम्याने लगेच भाषण केले नाही. तीन दिवस गेल्यावर तो रात्री थोडी माणसे घेऊन निघाला आणि पडलेला कोट वेशी-वेशीने पाहत गेला. एका ठिकाणी तर त्याच्या जनावराला पुढे जायला वाटही नव्हती. हे सारे डोळ्यांनी पाहिल्यावरच तो लोकांशी बोलला. हा पाठ मी पदविकेच्या वर्गात शिकले होते. तो खरा कळला यंदाच्या पावसाळ्यात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या बंद होत असलेल्या एका उघड्या कोळसा खाणीवर.

खाणीच्या खालच्या अंगाला कोलाम पोड आहे. आपली एक बालवाडी तिथे भरते. मागच्या हिवाळ्यात मला ओबीचा डोंगर दाखवण्यात आला. ओबी म्हणजे कोळशावरून काढून टाकलेली माती आणि दगड. उतारावर झाडे वाढलेली पाहून मी भेटवहीत ‘काम चांगले झाले आहे’ असे लिहून सही केली. जुलैत गावात बैठक झाली, तेव्हा पोडाच्या तक्रारीला उत्तर म्हणून माझीच ती नोंद वाचून दाखवली गेली. मी खाली मान घातली. पोडातले एक म्हातारे बाबा नंतर एवढेच म्हणाले, “ताई, झाडं हिवाळ्यातबी दिसतात. पाणी कुठं जाते, ते पावसात पाहाले या.”

म्हणून आम्ही गेलो. बाबा, बचत गटाच्या तीन बाया, खाणीचे एक अधिकारी आणि मी. वरून खाली, पाण्याबरोबर चालत.

पहिली गोष्ट माती. खाण उघडताना वरचा सुपीक थर वेगळा राखून शेवटी तोच ढिगाऱ्यावर पसरायचा असतो. बाबांनी काठीने उकरले. वरच्या टप्प्यांवर काळी माती होती, खालच्या टप्प्यावर नुसता मुरूम. तिथे गवत धरले नव्हते आणि पावसाने घळी पाडल्या होत्या.

दुसरी गोष्ट चर. ढिगाऱ्याच्या पायथ्याभोवतीचा चर सगळे पाणी गोळा करून टाकीत नेतो. तिथे गाळ खाली बसतो आणि निवळलेले पाणी नाल्याला जाते. इथली टाकी काठोकाठ गाळाने भरली होती. गढूळ पाणी तिच्यावरून सरळ नाल्यात आणि नाल्यातून पोडाच्या पऱ्हाटीत शिरत होते.

तिसरी गोष्ट पाण्याचा गुण. कोळशाबरोबरच्या गंधकयुक्त खनिजाला हवा व पाणी लागले की आम्ल तयार होऊ शकते. पोडात बोलले जात होते की पाण्यात तेजाब आहे. आम्ही तपासणीची पट्टी बुडवली, तर आम्ल दिसले नाही. एवढ्याने पाणी पिण्याजोगे ठरत नाही, पण तेजाबाची तक्रार आम्ही कागदावरून काढली. जे पाहिले तेच लिहायचे, ते आपल्या बाजूचे असो वा नसो.

वाचकांनी एक नियमही लक्षात ठेवावा. कोळसा मंत्रालयाने २००९ साली खाणबंदीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. तेव्हापासून खाण चालू असतानाच बंदीच्या कामासाठी दरवर्षी वेगळ्या एस्क्रो खात्यात पैसे ठेवावे लागतात आणि काम झाल्याचे दाखवल्यावरच ते परत मिळतात. म्हणजे जमीन सुधारणे हे कुणाचे दान नाही, ते बांधलेले कर्तव्य आहे. म्हणूनच ‘काम झाले’ या दोन शब्दांना किंमत आहे, आणि मी ते न पाहता लिहिले होते.

पुढच्या बैठकीत मी आधी माझी नोंद चुकीची होती असे उभे राहून सांगितले. मग बायांनी टाकी, मुरूम आणि पऱ्हाटी यांविषयी पाहिलेले मांडले. बरोबर चाललेल्या अधिकाऱ्यांनी ते नाकारले नाही. टाकीतला गाळ उपसायला यंत्र आले आहे. खालच्या टप्प्यावर माती टाकण्याचे कबूल झाले आहे. बुडालेल्या पिकाचे मात्र अजून काही ठरलेले नाही.

नहेम्या लोकांशी बोलला तेव्हा त्याने ते संकट तुमचे म्हटले नाही, आपले म्हटले. कोट ५२ दिवसांत उभा राहिला, पण त्याची सुरुवात त्या रात्रीच्या फेरीत होती. आपण पुष्कळदा प्रेमाने बोलतो आणि घाईने सही करतो. ज्याच्या शेतात पाणी शिरते त्याच्याबरोबर चालून पाहणे, हाही प्रीतीचाच भाग आहे.

मननासाठी प्रश्न
१. नहेम्याने आधी पाहिले आणि मग तो बोलला. असे का?
२. न पाहता आपण कोणत्या कामाला ‘चांगले’ म्हटले आहे?
३. आपल्या मंडळीच्या परिसरातले पाणी शेवटी कुणाच्या दारात जाते?

प्रार्थना
पोडातल्या कुटुंबांना पिकाची भरपाई मिळावी, खाणीवरील अधिकाऱ्यांनी दिलेला शब्द पाळावा आणि आम्हाला पाहणारे डोळे मिळावेत, म्हणून प्रार्थना करा. आमेन.