एसएसबीला जाताना पाठांतर घरीच ठेवा

कोल्हापूरच्या मुलांना मैदान नवं नसतं. सैनिक टाकळीसारख्या गावात पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी फौजी आहेत. तरी सैन्यात अधिकारी होण्यासाठी एसएसबीला, म्हणजे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या चाचण्यांना, गेलेली आपल्याकडची कितीतरी पोरं परत आलेली मी पाहिली, आणि ती दमसास कमी पडला म्हणून परत आली नव्हती.

भोपाळच्या बोर्डात आमच्या गटात जे घडलं ते सांगतो. पहिल्या दिवशी पडद्यावर एक धूसर चित्र ३० सेकंद दिसतं, ४ मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची, एकेकाने ती सांगायची आणि मग गटाने मिळून एक गोष्ट ठरवायची. चित्रात दारात उभी असलेली एक बाई होती आणि दूरवर दोन माणसं. एकाच क्लासमधून आलेल्या तिघांनी जवळजवळ एकच गोष्ट सांगितली: नायक गावात येतो, रक्तदान शिबिर भरवतो, सगळे त्याचं कौतुक करतात. चर्चा सुरू झाली आणि लगेच मासळी बाजार झाला. त्यात एक शांत मुलगा इतकंच म्हणाला, ‘ही बाई कुणाची वाट बघतेय ते आधी ठरवूया.’ गोंगाट थांबला, दोघं-तिघं त्याच्याकडे वळले आणि गोष्ट पुढे सरकली. निकालात त्याचा चेस्ट नंबर पुकारला. त्या तिघांपैकी एकाचाही नाही.

पाठ केलेलं तिथे का टिकत नाही, हे पद्धत कळली की उमगतं. मानसशास्त्रज्ञ तुमचं लेखन वाचतो: ६० शब्दांवर एकेक वाक्य, प्रत्येकाला १५ सेकंद; ६० प्रसंगांत तुम्ही काय कराल ते, अर्ध्या तासात. जीटीओ, म्हणजे गटाच्या कसोट्या घेणारा अधिकारी, तुम्हाला मैदानावर बघतो. मुलाखत तिसराच अधिकारी घेतो. तिघं आपापलं मत स्वतंत्रपणे बनवतात आणि शेवटच्या दिवशी कॉन्फरन्सला एकत्र बसतात. कागदावर धाडसी आणि मैदानावर दुसऱ्याच्या हातातला दोर ओढून घेणारा, असा माणूस तिथे लगेच उघडा पडतो. मैदानावरच्या कसोटीत आमच्या गटातले सगळे फळीवरून पुढे धावले, तेव्हा मागे राहिलेला डबा एकाने न सांगता उचलून पुढे दिला. माझ्या मते त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं काम तेच होतं.

ब्रिटिश सैन्याने ही रीत १९४२ मध्ये आणली, पाठोपाठ ती भारतात आली. १९५६ पासून एटी अँड टी या अमेरिकन कंपनीने ती आपल्या व्यवस्थापकांसाठी वापरली. म्हणून कुठल्याही कंपनीच्या असेसमेंट सेंटरला, म्हणजे अशाच निवड चाचण्यांना, निघालेल्यांनाही हे सगळं लागू आहे.

मग तयारी कशाची करायची? जबाबदारी घेण्याची. २०१९ च्या महापुरात आमच्या तालमीच्या पोरांनी शिरोळकडे जनावरांसाठी चारा पोचवला होता. मुलाखतीत साहेबांनी तेवढंच धरलं: चारा कुठून आणला, कमी पडला तेव्हा आधी कुणाला दिला, वाद झाला का, तो कुणी मिटवला? प्रत्यक्ष केलेलं असलं की अशा प्रश्नांना उत्तर शोधावं लागत नाही. म्हणून मंडळाचा हिशेब अंगावर घ्या, एनसीसीचा कॅम्प चुकवू नका, घरातल्या शेतीचं एखादं काम पूर्ण आपल्याकडे ठेवा. माहितीच्या फॉर्ममध्ये जे खरं आहे तेच लिहा. मुलाखतीतले बरेच प्रश्न त्यातूनच निघतात. रोज पेपरातला एक विषय घेऊन मित्रांसमोर ३ मिनिटं इंग्रजीत बोला. अडखळलात तरी चालेल, पण मित्र बोलत असताना मध्ये तोंड घालू नका. ही सवय सगळ्यात अवघड, आणि मैदानावर तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

आणि कॉल लेटर आलं की हजारो रुपये भरून क्लास लावण्याआधी कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन छात्रपूर्व प्रशिक्षणाची चौकशी करा. नाशिक रोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे एसएसबीची तयारी करून घेतात. राहणं, जेवण आणि प्रशिक्षण मोफत असतं.