नळाशेजारचा जुना नळ

मलावीतल्या खेड्यांतून डेव्हिड डॅम्बर्गर हा कॅनडाचा अभियंता नळ मोजत हिंडत होता. उंचावरचं पाणी उतारानं गावापर्यंत आणणारी ही योजना कॅनडा सरकारच्या पैशातून झालेली. पुरी होऊन जेमतेम दीड वर्ष लोटलेलं. ११३ नळांपैकी ८१ बंद होते. एका बंद नळापासून थोड्याच पावलांवर त्याला दुसरा, जुना, मोडका नळ दिसला. तो अमेरिकी सरकारच्या योजनेतला, सुमारे दहा वर्षं आधीचा. तंत्र जवळपास तेच, आणि गतही तीच.

२०११ साली एका टेडएक्स व्याख्यानात हे सांगताना त्यानं स्वतःचीही चूक कबूल केली. तो भारतात स्वयंसेवक असताना त्यानं शाळांमध्ये पावसाचं पाणी साठवण्याची व्यवस्था उभारली होती. परतल्यावर वर्षभरानं चौकशी केली, तर त्यातली एकही चालू नव्हती. देखभाल कोण करणार, हे त्यानं ठरवलंच नव्हतं. तो ज्या संस्थेचा, ती ‘इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स कॅनडा’ २००८ पासून आपल्या अपयशांचा अहवाल छापू लागली. पाण्याच्या कामासाठी आफ्रिकेत जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकानं विमानाचं तिकीट काढण्याआधी असे अहवाल वाचावेत.

कारण ही एकट्यादुकट्याची चूक नाही. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या वीस देशांतले सुमारे ३६ टक्के हातपंप बंद आहेत, असा अंदाज ग्रामीण पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्यांच्या जागतिक जाळ्यानं २००९ साली मांडला होता. वॉशर झिजतं, सळई तुटते. दुरुस्ती मोठी नसते, पण सुटा भाग तालुक्याच्या दुकानात मिळत नाही आणि गावाकडे त्यासाठी वर्गणी जमलेली नसते. मग बायका पुन्हा ओढ्याची वाट धरतात.

नव्या कल्पनेचा मोह तर फारच वाईट. मुलांनी चक्रावर गोल फिरायचं आणि त्या फिरण्यानं पाणी टाकीत चढायचं, असा ‘प्लेपंप’ दक्षिण आफ्रिकेतून आला. २००६ साली अमेरिकेत त्याच्यासाठी कोट्यवधी डॉलर जाहीर झाले, चार हजार पंपांचं लक्ष्य ठरलं. पुढे ‘गार्डियन’नं हिशेब मांडला: ठरलेल्या लोकसंख्येला पाणी पुरवायचं, तर मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल! मलावीत काही ठिकाणी चालू हातपंप काढून त्या जागी ही चक्रं बसवली गेली. खेळणारी मुलं नसत तेव्हा बायकांना वाकून, हातानं ते चक्र ढकलावं लागे. आधी त्यांना विचारलं असतं, तर ही वेळ आली नसती.

याउलट ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप पाहावा. त्याची मुळं सोलापूर आणि जालन्याला मिशनच्या कामातून घडलेल्या पंपांत आहेत. आज तो युगांडा, घाना, झांबियातही दिसतो. मजबूत खराच, पण जिथं पाणी आम्लधर्मी असतं तिथं त्याचे लोखंडी पाइप गंजतात, पाणी तांबडं येतं, आणि ते जड पाइप उपसायला तिवई अन् बाहेरची माणसं लागतात. म्हणूनच १९८०च्या दशकात केनिया-मलावीत ‘आफ्रिदेव’ घडवला गेला: मोठा पाइप जागेवरच ठेवून आतल्या सळया वर ओढता येतात, एका पान्यावर बरंचसं काम होतं, आणि गावातली बाईही ते करू शकते.

तेव्हा जाणाऱ्यानं पहिला आठवडा खोदकामात घालवू नये. जवळपासच्या बंद पंपांकडे जावं. प्रत्येक पंप का थांबला, पैसे कोणाकडे असतात, मिस्त्री किती लांब राहतो, हे पाणी भरणाऱ्या बायकांना विचारावं, दुभाष्या घेऊन आणि घाई न करता. मलावीत पंप दुरुस्त करणारे स्थानिक मिस्त्री असतात. त्यातल्या एकाच्या हाताखाली काम शिकलेला स्वयंसेवक गावाला जास्त उपयोगी पडतो. आणि घरी परतल्यावर एका वर्षानं फोन जरूर करावा. पंप चालू आहे का, एवढ्यावर थांबू नये. वॉशर शेवटचं कधी बदललं, कुठून आणलं आणि पैसे कोणी दिले, हेही विचारावं.